मीटरसाहेबांचं गुप्त वाक्य

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मीटरसाहेबांची खोड मेल्यावरही गेली नाही, ती त्यांच्या घराच्या भिंतीत जाऊन बसली.

मीटरसाहेब म्हणजे आपल्या दातांच्या डॉक्टरांचे सासरे. वीज कंपनीत लोकांचे मीटर तपासण्यात त्यांची सगळी हयात गेली. मीटरवर संशय घेता घेता त्यांना सगळ्यांवरच संशय घ्यायची सवय लागली, आणि निवृत्त झाल्यावर दुसरं कुणी हाताशी उरलं नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या घराकडे मोर्चा वळवला. एक पांढरा डबा आणला. हॉलमधलं घड्याळ काढून त्या खिळ्यावर तो टांगला, आणि घरातले दिवे, पंखे, गिझर, हीटर, पडदे, झालंच तर पुढच्या दाराचं कुलूप, सगळं त्या डब्याच्या ताब्यात दिलं. बोललं की दिवा लागणार. इथवर ठीक होतं, असे डबे हल्ली पुष्कळ घरांत असतात. पण मीटरसाहेबांनी दोन गोष्टी अशा केल्या, की त्या जगात दुसऱ्या कुणाला सुचल्या नसत्या. एक, भिंतींवरची झाडून सगळी बटणं काढून तिथे प्लास्टर केलं, कारण बटण काय, कोणीही दाबतं. आणि दुसरी, डब्याला फक्त स्वतःचा आवाज शिकवला. बायकोचासुद्धा नाही.

"तुझा आवाज हळू आहे," ते म्हणाले. "चोरही हळूच बोलतो."

त्यामुळे डॉक्टरांच्या सासूबाईंना दिवा हवा असला की त्यांनी आतून "अहो, स्वयंपाकघर" म्हणायचं, मग मीटरसाहेबांनी पेपर खाली न करता "हूं!" असा घसा खाकरून हुकूम सोडायचा, आणि मग दिवा लागायचा. बरीच वर्षं असा संसार चालला. मग थंडीतल्या एका सकाळी मीटरसाहेब खुर्चीत बसल्या बसल्या गेले, आणि घर ठार बहिरं झालं.

पुढचं दार त्या वेळी उघडं होतं म्हणून नशीब. त्याला त्या दिवसापासून वीट लावून ठेवली होती.

डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे मीटरसाहेबांच्या एकुलत्या एका लेकीने, डबा बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मालक बदलायचाय ना? मालकांना द्या फोन."

"ते वारले हो."

"अरेरे. फार वाईट झालं. मग त्यांनी स्वतः डब्यासमोर उभं राहून तसं सांगावं लागेल."

"कसं सांगतील? वारले म्हणतेय ना मी!"

"मॅडम, शेवटी सुरक्षेचा प्रश्न आहे. उद्या कुणीही उठून म्हणेल, मी वारलो."

लेकीने कपाळाला हात लावला. मग तिने फोनमध्ये शोधून शोधून बाबांचा एक जुना व्हिडिओ काढला. त्यात कुणाच्या तरी वाढदिवसाला केक कापून झाल्यावर ते "हूं! हॉल, दिवा लाव" म्हणाले होते. तिने फोन डब्यासमोर धरला. डबा क्षणभर विचारात पडला आणि शांतपणे म्हणाला, "हा जिवंत माणसाचा आवाज नाही." इतक्या दिवसांत लेक पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

वायरमनला बोलावलं. त्याने भिंती ठोकून पाहिल्या आणि सांगितलं की सगळ्या फोडाव्या लागतील, नवी वायर, नवी बटणं, दोनेक महिने कुठे गेले नाहीत, आणि तोवर घरात कुणी राहायचं नाही. लेकीने लगेच ठरवून टाकलं. आई आपल्याकडे येईल, तात्पुरती. सासूबाईंनी त्यांच्या ओळखीतल्या तीन मैत्रिणी अशा तात्पुरत्या गेलेल्या पाहिल्या होत्या. त्यांची घरं विकून झाली, तरी त्या तात्पुरत्याच होत्या.

"मला इथेच राहायचंय," सासूबाई एवढंच म्हणाल्या, आणि अंधारात चाचपडत चहा करायला गेल्या. त्यांचा चहा फार पाणचट असायचा. डॉक्टर तो लग्नापासून आजतागायत निमूटपणे पीत आले होते.

आता डॉक्टरांविषयी. ते जास्त करून लहान मुलांचे दात बघायचे. तोंड उघडून बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, त्यामुळे दिवसभर बोलायचं काम डॉक्टरांवर पडायचं, आणि पोरांनी रडू नये म्हणून ते तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढायचे. अस्वलाचा काढायचे, ट्रकचा काढायचे, बिघडलेल्या लिफ्टचा काढायचे. पण त्यांचा हुकमी एक्का म्हणजे सासरेबुवा. "हूं! काय दातवाले, आज किती उपटले?" हे वाक्य ते असं म्हणायचे की दवाखान्यातली नर्स पोट धरून बसायची. बायकोही हसायची, आणि हसून झाल्यावर म्हणायची, "बाबांच्या कानावर गेलं ना, मेलास तू." ते कधी त्यांच्या कानावर गेलं नाही. मीटरसाहेबांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडे अशा नजरेने पाहिलं होतं, की या माणसाच्या घरचा मीटर नक्की मागे फिरतो. ती नजर शेवटपर्यंत बदलली नाही. 'डॉक्टर' असं तर त्यांनी एकदाही म्हटलं नाही, कायम 'दातवाले'. डॉक्टरांना ते लागायचं. नक्कल करायचे ते त्याचमुळे, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी भेटायला आलेली माणसं हॉलमध्ये फोनचे टॉर्च लावून बसली होती. मीटरसाहेबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्याबाई, शाल गुंडाळून खुर्चीत होत्या. डॉक्टर हात धुवायला न्हाणीघरात गेले, अंधारात साबण शोधताना त्यांचा गुडघा बादलीवर आदळला, आणि कळ मस्तकात गेली. त्या तिरिमिरीत त्यांच्या तोंडून नेहमीच्या सवयीने निघून गेलं, "हूं! दिवा लाव की! डोळे फुटलेत का?"

सगळ्या घरातले दिवे एकदम लागले.

हॉलमध्ये काय झालं ते डॉक्टरांना नंतर कळलं. एकाच्या हातातली बशी पडली. शेजारचे काका, जे गेली कित्येक वर्षं गुडघ्यांमुळे हळू चालत, ते थेट फाटकापाशी सापडले. सगळ्यांचीच बोबडी वळली होती, फक्त आत्याबाई तेवढ्या खुर्चीत ताठ बसल्या आणि छताकडे बघून म्हणाल्या, "दादा, आलाच आहेस तर सांग. आईची शिलाई मशीन तू कुठे ठेवलीस?"

उत्तर आलं नाही. उत्तर न्हाणीघराच्या दारात ओल्या हाताने उभं होतं, आणि आख्खा हॉल त्याच्याकडे बघत होता. लेकीचा चेहरा लालबुंद झाला.

"बाबांना जाऊन आठवडा नाही झाला," ती म्हणाली, "आणि तू नकला करतोयस?"

डॉक्टरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून डॉक्टरांनी मान खाली घातली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "गिझर पण लावता येईल का हो?"

डब्याला जिवंत माणूस हवा होता आणि आवाज मीटरसाहेबांचा हवा होता, डॉक्टरांमध्ये दोन्हीची सोय झाली. त्यांनी त्याच आवाजात डब्याला दरडावलं, "हूं! मालक बदल." डबा म्हणाला, "गुप्त वाक्य सांगा. मालकांनी ठेवलेली खूण, 'जे मी जन्मात बोलणार नाही.'"

मीटरसाहेबांचा हिशेब साधा होता. गुप्त वाक्य म्हणजे असं, की ते आपल्या तोंडून चुकूनही निघता कामा नये, म्हणजे कुणी ऐकायचा प्रश्नच नाही. रोज तीन वेळा प्रयत्न करायची मुभा होती. तीन चुका झाल्या की डबा दुसऱ्या दिवसापर्यंत त्या विषयावर बोलायचा नाही.

मग डॉक्टरांचा दिनक्रम असा झाला. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी सासुरवाडीला जाऊन गिझर आणि हीटर लावायचे, पडदे उघडायचे. संध्याकाळी येऊन दिवे लावायचे, आणि मीटरसाहेब जन्मात बोलले नसते अशी तीन वाक्यं त्यांच्याच आवाजात बोलायची. आवाज तोंडात इतका बसला की एका सकाळी ते दवाखान्यात एका बाईंना म्हणाले, "हूं! उघडा तोंड. अजून. कंजूषपणा कशाला?" बाई दात तसाच ठेवून निघून गेल्या.

मीटरसाहेब काय काय बोलले नसते यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं, उलट वाक्यं जास्त होती आणि दिवस कमी पडत होते. आत्याबाई सांगत, "'लगेच निघालीस? बस की जरा,' असं म्हण. मला उभ्या आयुष्यात कुणी नाही म्हटलं." डॉक्टरांनी म्हटलं. डबा म्हणाला, "वाक्य चुकीचं आहे." आत्याबाई त्या दिवशी मात्र खरंच उशिरापर्यंत बसल्या. लेक आधी फुरंगटून कोपऱ्यात बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती डब्याकडे बघत म्हणाली, "'पोरी, तुझं बरोबर होतं,' म्हणून बघ." डॉक्टरांनी घसा खाकरून म्हटलं. वाक्य चुकीचंच होतं. ती उठून आत गेली आणि तोंड धुऊन आली. त्यानंतर तिने नक्कल हा शब्द पुन्हा काढला नाही.

एक वाक्य रोज सासूबाईंचं असे. त्या लोकरीचं विणकाम घेऊन डब्याजवळच्या खुर्चीत बसत, आणि वाक्य जणू आधीच वळून ठेवलंय अशा थाटात देत. "चहा छान झालाय." दुसऱ्या दिवशी, "तू बस, आज मी करतो." त्याच्या दुसऱ्या दिवशी, "दमलीस का गं?"

"सुरुवातीला 'अगं, ऐकलंस का' घाला," त्या सुचवत. "डब्याला बरं कळतं."

डब्याला त्याची काही गरज नव्हती. पण डॉक्टर घालत. ते वाक्य बोलत असताना सासूबाईंच्या सुया थांबायच्या, डबा नाही म्हणाला की पुन्हा चालू व्हायच्या. एकदा त्यांनी सांगितलं, "माझं चुकलं." डॉक्टरांनी म्हटलं, तर म्हणाल्या, "जरा घाईत झालं. ते घाईत नसते म्हणाले." डॉक्टरांनी पुन्हा सावकाश म्हटलं, आणि दिवसाचा एक प्रयत्न त्यातच गेला.

असे तीन आठवडे गेले. लेकीचा धीर सुटला, आणि त्यात तिचंही काही चुकत नव्हतं. "रोज दोनदा येऊन दिवे लावणं हे काय आयुष्य आहे का?" ती डॉक्टरांना म्हणाली. "आणि आई तिथे विटेच्या भरवशावर झोपते. उद्या सकाळी वायरमन येतोय. झालं तेवढं पुरे." तिने बॅग आणली आणि आईचे कपडे भरायला घेतले.  सासूबाईंनी विणकाम गुंडाळून ठेवलं, हॉलमधून एक फेरी मारली, मीटरसाहेबांच्या खुर्चीवरची उशी उचलली आणि ती बॅगेत मावते का ते पाहिलं. मावत नव्हती. डॉक्टरांना ते बघवेना.

"आई, तीन प्रयत्न आहेत आजचे," ते म्हणाले. "विचार करा. आणखी काय नसते बोलले?"

सासूबाई उशी पोटाशी धरून खुर्चीत बसल्या.

"एक राहिलंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"'आपल्याला जावई चांगला मिळाला.'"

आतल्या खोलीतला बॅगेच्या चेनचा आवाज थांबला. डॉक्टरांना वाटलं सासूबाई त्यांची समजूत काढतायत.

"हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी तिथेच इस्त्री करत होते की. हे डब्याला शिकवत होते आणि मी ऐकत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, चोर किती का हुशार असेना, हे काही त्याला सुचायचं नाही."

लेक दारात आली. "म्हणजे तुला माहीत होतं? आई, पहिल्या दिवसापासून?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस? आम्ही इथे वेड्यासारखे रोज..."

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा हळू होता, पण त्यात ओशाळलेपण मुळीच नव्हतं. "मग जावईबापू गेले असते घरी. मला कोण म्हणालं असतं, दमलीस का गं? आज आता माझं ऐकायचं काही उरलं नाही. सगळं म्हणून झालं."

 डॉक्टर डब्यासमोर जाऊन उभे राहिले. ही थट्टा आहे की कौतुक, ते त्यांना ठरवता येईना. जन्मात बोलायचं नाही म्हणून निवडलेलं वाक्य म्हणजे एक प्रकारे शिवीच. पण शिवी तरी आपल्यावरूनच सुचली, तीही जगातली सगळी वाक्यं सोडून. त्यांनी घसा खाकरला.

"हूं! आपल्याला जावई..."

आवाज फाटला. इतकी वर्षं अस्वल, ट्रक, लिफ्ट काही चुकलं नाही, आणि नेमका सासरा गळ्यात अडकला.

"आवाज ओळखता आला नाही," डबा म्हणाला.

"पाणी घे," लेक म्हणाली. डॉक्टरांनी पाणी घेतलं आणि पुन्हा म्हटलं. या वेळी 'चांगला'पर्यंत पोचले, आणि तिथे त्यांच्या स्वतःच्याच आवाजाने डोकं वर काढलं. डबा पुन्हा तेच म्हणाला. आता एकच प्रयत्न राहिला होता. तो गेला की सकाळी वायरमन आणि सासूबाई तात्पुरत्या.

"घाबरू नका," सासूबाई म्हणाल्या. "डब्याला हे शिकवताना तीनदा म्हणावं लागलं होतं, आवाज पक्का करायला. यांनाही पहिल्यांदा जमलं नव्हतं. अडखळले. दुसऱ्यांदा चिडून म्हणाले. तिसऱ्यांदा मात्र अगदी सहज आलं हो, रोजचं बोलतात तसं. मीच इस्त्रीवरून मान वर करून बघितलं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. हे वाक्य रोजचं असल्यासारखं, पेपर खाली न करता कसं येईल, त्याचा त्यांनी अंदाज घेतला.

"हूं! आपल्याला जावई चांगला मिळाला."

 डबा म्हणाला, "वाक्य बरोबर आहे. नव्या मालकाने बोलावं."

सासूबाई उठल्या, पदर सारखा केला, आणि डब्याला हळूच म्हणाल्या, "दार लावून घे बाबा. थंडी येतेय." लेकीने धावत जाऊन वीट काढली. दार आपोआप लागलं, कुलूप खटकन बसलं, आणि सासूबाईंनी एकामागून एक खोलीची नावं घेत सगळे दिवे लावले, मग विझवले, मग पुन्हा लावले. लेक बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवू लागली. वायरमनला नको येऊस म्हणून तिनेच फोन केला.

सासूबाईंनी चहा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा स्वतःच्या तोंडाने लावून चहा केला होता, पण चहा होता तसाच होता, गरम पाण्याला रंग दिल्यासारखा. डॉक्टरांनी एक घोट घेतला आणि आज आपल्याही तोंडून ते निघावं असं त्यांना वाटलं. ते स्वतःच्या आवाजात म्हणाले, "आई, चहा छान झालाय."

"उगाच काहीतरी," सासूबाई म्हणाल्या. "मला माहीत नाही होय माझा चहा? म्हणून तर हे कधी म्हणाले नाहीत. बाकी काही असोत, खोटं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही."

कप हातात तसाच धरून डॉक्टरांनी भिंतीवरच्या डब्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घालून उरलेला चहा संपवला.